तेल पेटलं तर सगळे येतात, मुरलं तर कोण?

प्रश्न असा आहे. शिरपूर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाच्या विहिरीवर यंदाच्या उन्हाळ्यात रंगीत तवंग दिसायला लागला आणि पाण्याला डिझेलसारखा वास यायला लागला. शेताच्या एका अंगाने जमिनीखालून तेलाची पाइपलाइन जाते, दुसऱ्या अंगाला महामार्ग आहे आणि त्यावर पेट्रोल पंप. तक्रार घेऊन ते तीन-चार कार्यालयं फिरले, प्रत्येकाने पुढच्याचं नाव सांगितलं. त्यांचं विचारणं सरळ आहे: अशा गळतीवर सरकारचं लक्ष असतं की नाही, गळती कळते कशी, साफ कोण करतं आणि पैसे कोणी भरायचे?

भाऊ, माझी नोकरी पाइपलाइनच्या देखभालीत गेली. नंतर जिल्ह्याच्या आपत्कालीन आराखड्यांच्या कामात उठबस झाली. त्यामुळे कंपनीची बाजू आणि सरकारची बाजू, दोन्हीकडचं सांगतो. उत्तर लांबेल.

आधी जिवाचं. त्या विहिरीत कोणालाही उतरवू नका. मोटार काढायला नाही, गाळ काढायला नाही, आणि ‘बघून येतो’ म्हणणाऱ्या पुतण्याला तर मुळीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते. विडी, मोबाइलची बॅटरी, स्टार्टरची ठिणगी, काहीही पुरतं. आग लागली नाही तरी आत श्वास कोंडतो. डिझेल त्या मानाने सौम्य, पण आत नेमकं काय आहे हे तपासणीशिवाय ना तुम्हाला कळणार, ना मला. जनावरांना ते पाणी पाजू नका आणि मोटार बंदच ठेवा. मोटार बंद ठेवण्याला दुसरंही कारण आहे, ते पुढे येईल.

मग तवंग तेलाचाच आहे का, हे बघा. लोहाचा अंश असलेल्या पाण्यावर जिवाणूंची साय धरते, तीही उन्हात इंद्रधनुष्यासारखी चमकते. बादलीभर पाणी वर काढा आणि काडीने तवंग फिरवून बघा. जिवाणूंची साय असेल तर तिचे तुकडे होतात आणि ते तुकडे वेगवेगळेच तरंगतात. तेल असेल तर काडी पुढे गेली की मागे लगेच पुन्हा मिळून येतं. तुम्ही वासाचं लिहिलंय म्हणजे तेल असण्याचीच शक्यता जास्त, तरी ही काडीची परीक्षा मोबाइलवर चित्रित करून ठेवा. ‘शेवाळ असेल हो’ म्हणणारा साहेब कधी ना कधी भेटतोच.

आता सरकारचं लक्ष असतं का? असतं, भरपूर असतं. पण आपली सगळी व्यवस्था तेलाकडे आग म्हणून बघते, घाण म्हणून नाही. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि त्याखालचे २००२ चे नियम वाचा. टाकीपासून कुंपण किती अंतरावर, दिवे-वायरिंग कुठल्या प्रकारचं, टँकरच्या एक्झॉस्टला जाळी आहे का, सगळं आगीचं. तेलाची वर्गवारीसुद्धा कोणत्या तापमानाला पेट घेतं यावरून: २३ अंशांच्या आत पेटणारं ‘अ’ वर्गात, म्हणजे पेट्रोल, २३ ते ६५ मधलं ‘ब’ वर्गात, म्हणजे डिझेल-रॉकेल. अपघाताची खबर ताबडतोब द्या असं सांगणारं कलम २७ त्या कायद्यात आहे, पण तेही आग किंवा स्फोट झाला तर. गुपचूप जमिनीत मुरलेल्या पाच हजार लिटर डिझेलची दखल त्या कलमात कुठे बसवायची, हा प्रश्नच आहे. हे नियम राबवणारी पेसो ही यंत्रणा, जिचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे, ती स्फोटकांच्या खात्यातूनच वाढलेली. तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६ मध्ये निघालं. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं, त्यांनी २०१० मध्ये आपत्कालीन आराखड्यांचे नियम केले. चांगले नियम आहेत, कंपन्या ते पाळतातही. पण डेपोतलं मॉक ड्रिल तुम्ही एकदा बघायला हवं. भोंगा वाजतो, टाकीवर पाण्याचे फवारे सुरू होतात, फोम मारला जातो, खोटा जखमी खऱ्या स्ट्रेचरवरून नेतात, तहसीलदार वेळ टिपून घेतात, मग फोटो आणि नाश्ता. ‘शेजारच्या शिवारातल्या विहिरीत डिझेल उतरलंय, पहिला फोन कोणाला?’ असं ड्रिल माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही झालं नाही.

समुद्रात चित्र वेगळं आहे. तिथे तेल सांडलं तर मालक ठरलेला आहे: तटरक्षक दल. १९८६ पासून समन्वयाचं काम त्यांच्याकडे, १९९६ पासून राष्ट्रीय आराखडा. ७०० टनांपर्यंतची गळती पहिल्या टप्प्यात, १०,००० टनांपर्यंतची दुसऱ्या, त्यापुढची तिसऱ्या. कोणत्या टप्प्यात कोणी काय करायचं हे लिहिलेलं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली, तेव्हा कामाला पहिलं कोण लागणार यावर कोणाला वाद घालावा लागला नाही. तिथलं काम निर्दोष होतं असं नाही, पण बोट कोणाकडे दाखवायचं ते माहीत होतं. तापीत, पांझरेत, अनेरमध्ये तेल उतरलं तर तटरक्षक दल येणार नाही.

जमिनीवरचा मालक कागदावर एकच आहे, आणि तो म्हणजे तुमचे जिल्हाधिकारी. १९९६ च्या रासायनिक अपघातांच्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती गट असतो, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि या गटाने दर ४५ दिवसांनी बसायचं असतं. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचं जिल्हा प्राधिकरण, त्याचेही अध्यक्ष तेच. आपल्याकडे तर राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी खुद्द धुळ्यात आहे. पाणी आणि माती खराब झाली की काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं; त्यांची उपप्रादेशिक कार्यालयं धुळे आणि जळगावला, प्रादेशिक कार्यालय नाशिकला. विहिरीच्या आतलं पाणी कुठून कुठे वाहतं हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेला कळतं. पंपाची परवानगी पेसोची, पाइपलाइनवर नियामक मंडळ. घोडं पेंड खातं ते इथेच. प्रत्येकाकडे तुकडा आहे, आणि तुम्ही दारात उभे राहिलात की प्रत्येकाला दुसऱ्याचा तुकडा आधी आठवतो. म्हणून एकेका दारात जायचं नाही. सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच कागदावर लिहायचं. त्याकडे येतोच.

गळती कळते कशी? नियंत्रण कक्षात पडद्यावर आकडे पळत असतात: इकडून किती ढकललं, तिकडे किती पोचलं, कुठल्या ठाण्यावर दाब किती. लाइन फुटली तर दाब झपकन उतरतो, घंटा वाजते, व्हॉल्व्ह बंद होतात. मोठी फूट काही मिनिटांत कळते आणि त्यात खोटं काही नाही. प्रश्न झिरपण्याचा आहे. तेल तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं. एकाच नळीतून आज डिझेल, मागोमाग पेट्रोल जातं. मीटरची आपली चूक असतेच. या सगळ्या गोंधळात एक टक्क्याच्या आतला फरक यंत्राला गळती म्हणून ओळखणं फार अवघड जातं. समजा तासाला ५०० किलोलिटर वाहतंय. एक टक्का म्हणजे तासाला ५,००० लिटर. त्याच्या दशांशाने जरी तेल झिरपत राहिलं तरी पडद्यावर सगळं हिरवं, आणि तुमची विहीर मात्र गेली.

त्या झिरपण्यासाठी दोन गोष्टी आहेत. नळीच्या आतून फिरवतात तो तपासणीचा पिग, जो पत्रा कुठे पातळ झाला ते मोजतो, पण तो रोज फिरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पायी चालणारा माणूस. लाइन वॉकर बहुधा आजूबाजूच्या गावचाच असतो, गळ्यात जीपीएस, हातात काठी. मी सांगतो, कोट्यवधींच्या यंत्रणेपेक्षा मला त्याचा भरवसा जास्त. ऐन उन्हाळ्यात एखाद्या जागी माती ओली काळपट दिसते, लाइनवरच्या राखीव पट्ट्यावरचं गवत तेवढ्याच जागी करपलेलं असतं, नवी खोदाई मातीच्या रंगावरून कळते. एकदा असाच एक जण भर दुपारी फोनवर म्हणाला, “आप्पा, आठे घासलेटना वास ई ऱ्हायना.” कक्षातल्या पडद्यावर तेव्हा काहीही नव्हतं. खोदलं तर नळीला चोरांनी बसवलेला क्लॅम्प निघाला, व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब चालू होतं. चोर केव्हाच पळाले होते, गळती मागे राहिली होती. पाइपलाइनच्या गळत्यांमागे गंजापेक्षा माणसाचाच हात मी जास्त पाहिला: चोरीची छिद्रं, आणि विचारल्याशिवाय चालवलेला जेसीबी. शेततळं, फायबरची केबल, रस्त्याचं रुंदीकरण, कारण काहीही चालतं.

यावर सरकारचं लक्ष म्हणजे लेखापरीक्षण. पिगचा अहवाल आहे का, गस्तीची नोंदवही भरली आहे का, ड्रिल झालं का. कागद तपासले जातात, आणि तेही गरजेचं आहेच. पण पट्ट्यालगतच्या शे-दीडशे विहिरींचं पाणी वर्षातून दोनदा तपासा, असं कंपनीला कोणी सांगत नाही. मला विचाराल तर सगळ्या डिजिटल यंत्रणेपेक्षा हे स्वस्त आणि खात्रीचं.

इथे एक सांगायलाच हवं, तुम्हाला आवडो न आवडो. लाइन दिसते म्हणून संशय लाइनवर जातो, पण विहिरीत डिझेल म्हटलं की आधी पंपाची जमिनीखालची टाकी बघावी. जुनी टाकी, एका पदराचा पत्रा, वर्षानुवर्षं ओल. पंपावर रोज सकाळी डीप मारतात, म्हणजे टाकीत दांडी सोडून साठा मोजतात, आणि विक्रीशी ताळा जुळवतात. फरक ठरावीक मर्यादेत असला की कोणी काही बोलत नाही. पण तोच फरक रोज उणेच येत असेल, कधी अधिक येतच नसेल, तर टाकी किंवा तिची पाइप गळतेय असं समजावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा-दवाखाने-वस्तीपासून ५० मीटर अंतराची त्यातली अट सगळ्यांना पाठ आहे. त्यातलाच जमिनीखालच्या गळतीचा भाग कोणी वाचत नाही. तुमच्या अर्जात पंपाच्या डीपच्या रजिस्टरची तपासणी मागा. पंपवाला ओळखीचा असला तरी मागा. आणि जवळपास मोठं गॅरेज असेल तर तिथलं काळं ऑइल कुठे जातं तेही विचारा. ते बहुतेक गटारातच जातं.

आता जमीन. तुमचं शेत तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात आहे की काळ्या पाषाणावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. गाळात, म्हणजे वाळू-चिकणमातीच्या थरांत, तेल सरळ खाली जातं आणि पाण्याच्या पातळीवर पसरतं, उताराच्या दिशेने हळूहळू सरकतं. तिथे माग काढणं सोपं. काळ्या पाषाणात ते भेगांनी पळतं. वरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की तेलाला उभी वाट मिळते, खाली मुरूम, त्याखाली पाषाणाच्या फटी. मग पन्नास मीटरवरची विहीर स्वच्छ आणि तीनशे मीटरवरची खराब, असंही होतं. ‘शेजाऱ्याच्या विहिरीत नाही, म्हणजे गळती नाही’ हा युक्तिवाद खडकात टिकत नाही.

डिझेल पाण्यापेक्षा हलकं, शेवभाजीवर तर्री यावी तसं वरच राहतं. पातळी उतरते तसं तेही उतरतं आणि वाटेतल्या मातीला, फटींना माखत जातं. पावसाळ्यात पाणी चढलं की हे माखलेलं तेल पाण्याखाली अडकून बसतं, तवंग दिसेनासा होतो, वास कमी होतो. म्हणजे ‘पाऊस झाला, प्रकरण मिटलं’. मग फाल्गुन-चैत्रात पातळी उतरली की तवंग परत हजर. तुम्हाला तो उन्हाळ्यात दिसला यात नवल नाही. तक्रार मे महिन्यात आणि नमुना घ्यायला माणूस ऑगस्टमध्ये, असं झालं तर ते वरातीमागून घोडं. अहवाल स्वच्छ येईल आणि तुम्ही खोटे ठराल. मोटार बंद ठेवा म्हटलं त्याचंही हेच कारण. उपसा केला की विहिरीभोवती पातळी खोल जाते, आसपासचं तेल तिकडे ओढलं जातं आणि आणखी खालच्या फटी माखतात. जाणकाराच्या देखरेखीखाली मोजून केलेला उपसा हा उपाय असतो. केळी वाळते म्हणून केलेला उपसा हे नुकसान.

साफसफाईत पहिला तास सगळं ठरवतो. आपल्याकडे हे जास्त घडतं ते टँकर पलटी झाल्यावर, कोंडाईबारी घाटात किंवा आग्रा रोडला. टँकरवर पिवळा-केशरी फलक असतो, त्यावरचा आकडा बघून ठेवायचा: १२०२ म्हणजे डिझेल, १२०३ म्हणजे पेट्रोल. ११२ ला फोन करताना हा आकडा सांगा. पेट्रोल असेल तर लांब, जिकडून वारा येतो त्या अंगाला. लोक डबे, बादल्या, हंडे घेऊन धावतात, त्याबद्दल काय बोलावं! भरपूर माणसं यात होरपळून गेली आहेत आणि तरी डबे येतातच.

पण नंतरची चूक सरकारी असते. बंब येतो आणि रस्ता घसरडा राहू नये म्हणून डिझेल पाण्याच्या जोरावर रस्त्यावरून धुऊन नाल्यात ढकलतो. वाहतूक सुरू, पंचनामा झाला, फाइल बंद. नाला जातो नदीत, नदीकाठी गावाची पाणीपुरवठ्याची विहीर. साबण-पावडर मारणं त्याहून वाईट; तेल दिसेनासं होतं, पाण्यात मिसळतं आणि मग काढताच येत नाही. समुद्रातही तसली रसायनं तटरक्षक दलाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, नाल्यात तर प्रश्नच नाही.

करायचं ते एवढं: सांडलेल्या जागेभोवती मातीचा बांध, आणि नाल्यावर खाली दुसरा. नाल्याचा बांध नुसता अडवून चालत नाही, पाणी तुंबून वरून जातं. बांधात सहा-आठ इंची पीव्हीसी पाइप तिरपा टाकायचा; वरच्या अंगाचं तोंड पाण्यात खोल, खालच्या अंगाचं तोंड उंच. पाणी तळातून पाइपने निघून जातं, तेल वर अडकून राहतं. ते अडकलेलं तेल टिपायला बाजारात महागडे पॅड मिळतात, पण आपल्याकडे जिनिंगमध्ये नाकारलेला कच्चा कापूस ढिगाने असतो. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, म्हणून तो तेल पितो आणि पाणी झिडकारतो, तरंगतही राहतो. जुन्या मच्छरदाणीत भरून त्याची लांब वळकटी करा आणि बांधाच्या आत आडवी सोडा. दवाखान्यातला धुतलेला कापूस आणू नका, तो पाणी पिऊन बुडतो. तेल प्यायलेला कापूस म्हणजे धोकादायक कचरा. तो उकिरड्यावर टाकायचा नाही, पेटवायचा तर नाहीच, झाकणाच्या पिंपात भरून कंपनीच्या हवाली करायचा आणि दिल्याची पावती घ्यायची.

माखलेली माती दोन ठिकाणी जाऊ शकते. एक, धोकादायक कचऱ्याच्या मान्यताप्राप्त केंद्रात. रांजणगावला आहे, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक खेपेची नोंद कागदावर लागते. दोन, जागेवरच प्लास्टिक अंथरून ढीग लावायचा, तेल खाणारे जिवाणू मिसळायचे, नत्र-स्फुरद द्यायचं, ओल राखायची आणि वरचेवर परतायचा. आपल्या देशात टेरी संस्थेने असे जिवाणू तयार केलेत, ऑइलझॅपर नावाने, वापरलेही गेलेत. आपल्या उष्णतेत हे काम चांगलं होतं, पण महिने लागतात आणि दर टप्प्याला मातीची तपासणी लागते. ठेकेदार एक दिवस येऊन पावडर फवारून गेला आणि ‘झालं’ म्हणाला, तर झालेलं नाही. वरून चार ट्रॉल्या मुरूम टाकून सपाट केलं, तर तेही नाही. हा प्रकार सर्रास चालतो. भूजलातलं तेल काढणं मात्र वर्षांचं काम आहे, त्यात कोणी घाईची ग्वाही दिली तर विश्वास ठेवू नका.

आता तुमचा अर्ज. जिल्हाधिकारी (जिल्हा आपत्ती गटाचे अध्यक्ष म्हणून), प्रदूषण मंडळाचे उपप्रादेशिक अधिकारी, भूजल यंत्रणेचं जिल्हा कार्यालय, पाइपलाइन कंपनी आणि पंपाची तेल कंपनी, सगळ्यांना एकच पत्र, प्रत्येकाच्या नावासमोर ‘प्रत’ लिहून. पाइपलाइनच्या पट्ट्यावर जे खांब असतात त्यावर साखळी क्रमांक, म्हणजे लाइनच्या सुरुवातीपासूनचं अंतर, आणि फोन नंबर असतो. त्या खांबाचा फोटो आणि तिथून विहिरीचं अंतर लिहा. १९७४ च्या जल कायद्याची दोन कलमं नावानिशी घाला. कलम ३१: अपघाताने घाण पाण्यात किंवा जमिनीवर गेली, किंवा जाण्याची शक्यता असली, तर त्या कामाच्या प्रमुखाने प्रदूषण मंडळाला ताबडतोब कळवायचं. इथे आगीची अट नाही. कलम ३२: मंडळ स्वतः तातडीचे उपाय करू शकतं, घाण काढायला लावू शकतं. तोंडी तक्रारीला या कलमांचा उपयोग नाही. पोच घेतलेल्या, तारीख असलेल्या अर्जाला आहे. सोबत माहितीच्या अधिकारात जिल्हा आपत्ती गटाच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. ४५ दिवसांची बैठक किती वेळा झाली ते कळतं, आणि अर्ज गेला की पुढची बैठक लवकर लागते, हा माझा अनुभव.

नमुना मंडळाच्या माणसानेच घ्यावा, सील तुमच्यासमोर व्हावं, पंचनाम्यावर तुमची सही असावी. तोवर खाजगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून स्वतःचा घेऊन ठेवा. बिसलेरीच्या बाटलीत नेऊ नका. प्लास्टिकला तेल चिकटतं आणि आकडा कमी येतो. रंगीत काचेची बाटली, प्रयोगशाळेनेच दिलेली, त्याच पाण्याने आधी विसळायची नाही, बर्फात ठेवून न्यायची. पेट्रोलच्या अंशासाठी वेगळ्या छोट्या बाटल्या असतात, त्यात हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे, अहवालातला आकडा तिच्याशी ताडून बघा.

आणि तवंगाचा वेगळा नमुना घ्या, थोडा का होईना. पाण्यात तेल किती, याच्यापेक्षा तेल कोणतं, हे भांडणात जास्त कामाचं. प्रयोगशाळा त्याचा आलेख काढून डिझेल, रॉकेल की पेट्रोल ते सांगते. गंधक मोजायला सांगा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा मानकाचं डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाखांत १० भाग. त्याआधीच्या बीएस-चारमध्ये ५०. तुमच्या विहिरीतल्या डिझेलचा आकडा चाळीस-पन्नास आला तर गळती जुनी, बहुधा टाकीची. दहाच्या आत आला तर अलीकडची. पाइपलाइनमधून कोणत्या तारखेला कोणतं तेल गेलं याची नोंद कंपनीकडे असतेच, ती मागता येते.

पैशाचं. ज्याने घाण केली त्याने भरायचं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पक्कं केलं. १९८६ च्या पर्यावरण कायद्याच्या कलम ९ प्रमाणे सरकारने स्वतः सफाई केली तर तो खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा, व्याजासकट, वसूल करता येतो. सरकार हे हत्यार क्वचित उपसतं. तुमच्या नुकसानीसाठी १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पण मूळ कायद्यात खाजगी मालमत्तेच्या नुकसानीला ६,००० रुपयांची मर्यादा होती. केळीच्या एका ओळीचे पैसे निघायचे नाहीत. खरी जागा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. तिथे भरपाई आणि विहीर-जमीन पूर्ववत करून देणं, दोन्ही मागता येतं, मुदत पाच वर्षांची. ‘चोरांनी छिद्र पाडलं, आमची काय चूक’ असं कंपनी म्हणेल. न्यायाधिकरणाच्या कायद्यात ‘चूक नसली तरी जबाबदारी’ हे तत्त्व लिहिलेलं आहे, तेव्हा त्या उत्तराने गप्प बसू नका.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांबद्दल नवे नियम काढले. समुद्रातलं तेल त्यातून वगळलंय, पण जमिनीतलं तेल वगळलेलं नाही. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. म्हणून अर्जात एक ओळ वाढवा: ‘सदर गट क्रमांक संशयित दूषित जागांच्या यादीत घ्यावा.’ यादीत नाव चढलं की सातबारावर डाग लागेल, जमीन विकली जाणार नाही, अशी भीती घरात निघेल. ती अगदीच खोटी नाही. तरी मी चढवाच म्हणेन, कारण त्याशिवाय मंडळाचं घड्याळ सुरू होत नाही.

अहवाल आला की गंधकाचा आकडा, विहिरीची खोली, चैत्रातली आणि भाद्रपदातली पाण्याची पातळी, आणि लाइन व पंप विहिरीच्या कोणत्या दिशेला आहेत तेवढं कळवा. उताराची दिशा धरून तेल कुठल्या अंगाने आलं याचा अंदाज मग बांधता येईल.